चार लिंबं आणि एक पाना

सडक अर्जुनीच्या उदारामजींनी नवा ट्रक घेतला आणि पूजेच्या दिवशीच तो जागचा हलेना. चाकांपुढे चार लिंबं, काचेवर हार, अंगणात अर्धा गाव. आणि इंजिन नुसतं गुरगुरून बंद पडत होतं.

स्टिअरिंगवरच्या भोजराजला घाम फुटला, कारण दोष कुणाचा ते त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी ट्रकखाली शिरून ढिले ब्रेक पान्याने आवळायची त्याची जन्माची सवय. नव्या गाडीत ते काम ॲडजस्टर आपोआप करतो, हात लावू नका, असं शोरूमवाल्याने बजावलं होतं. पण आपोआप होणाऱ्या गोष्टींवर भोजराजचा काडीचा विश्वास नव्हता. पहाटे त्याने चारही ॲडजस्टर गच्च आवळले. मग चाकं मोकळी फिरावीत म्हणून रीतीप्रमाणे थोडे उलटे फिरवायला गेला, तर आतून कटकट आवाज आला. मोडलं की काय, या भीतीने बिचारा ब्रेक तसेच गच्च सोडून अंघोळीला पळाला.

"भोजराज, गाडी काऊन नाही चालून राहिली?" उदारामजी गरजले. "रायपूरले न्यायचा तांदूळ भरला आहे. तुले जमत नसन तं तुह्या जागी ओमेशले बसवतो!"

"नजर लागली," मालकीणबाई फुलवंताबाई म्हणाल्या. "लिंबं लहान पडले."

मोठी लिंबं आली. गाडी ढिम्म.

भोजराजने गोठ्यामागे जाऊन शोरूमच्या मेकॅनिकला फोन लावला.

"हात लावलाच कायले?" मेकॅनिक खेकसला. "उलटा फिरवा. कटकट वाजू द्या, ते वाजतेच!"

पण अर्ध्या गावासमोर पाना काढायचा कसा? पाना दिसला की नोकरी गेली. भोजराजने छाती पुढे काढली.

"लिंबं चुकीचे ठेवले. मी ठेवतो. सारे पाठ फिरवा!"

त्याची बायको अल्का बघतच राहिली. 'लिंबानं गाडी चालते तं डिझल कायले भरता?' असं प्रत्येक पूजेत विचारणारा हाच तो माणूस!

गाडीखालून आवाज येऊ लागला. कट, कट, कट.

"मंत्र म्हणून राहिला," फुलवंताबाई कुजबुजल्या आणि त्यांनी हात जोडले.

ट्रक लिंबं चिरडत दिमाखात निघाला. पुन्हा ॲडजस्टरला हात लावणार नाही, अशी शपथ भोजराज रायपूरपर्यंत मनोमन घेत राहिला.

परतला तेव्हा त्याच्या दाराशी एक ट्रॅक्टर, दोन मोटरसायकली आणि फुलवंताबाईंचा मिक्सर रांगेत होता. प्रत्येकाच्या हातात लिंबं.

"इचारा न आता," अल्का हसू दाबत म्हणाली, "डिझल कायले भरता मनून."

भोजराजने रांगेकडे पाहिलं, खिशातला पाना चाचपला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पाठ फिरवा."