टेंभरे सरांचा साबुदाणा

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे टेंभरे सर कुठलीही बातमी एकदम देत नाहीत. माझी मोटरसायकल चोरीला गेली, तेव्हा सकाळी त्यांनी मला पायी चालण्याचे फायदे सांगितले. दुपारी गाडीचं कुलूप चांगलं होतं का, ते विचारलं. संध्याकाळी म्हणाले, आता मन घट्ट झालं असेल तर खाली जाऊन पाहा. मी चिडलो, तर वर मलाच समजावलं, "एकदम डोस दिला की माणूस बिघडते. हळू सुटू द्या."

सर इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकलचे प्राध्यापक. त्यांची सारी हयात डिंकासारख्या पदार्थांचे बारीक मणी करण्यात गेली. मण्यात औषध भरायचं. पोटात गेला की तो फुगतो आणि औषध दिवसभर थोडंथोडं सोडतो. या नादात लग्न राहून गेलं. मुलगी बघायला गेले तिथेही चिकटपणावरच बोलले, असं म्हणतात.

गेल्या मे महिन्यात कॉलेजातला ओव्हन बंद पडला, म्हणून सरांनी मणी मलमलीवर पसरून आमच्या गच्चीवर वाळत घातले. गोंदियाचं ऊन कुठल्याही ओव्हनला भारी, हे त्यांचं बरोबरच होतं. पण आमच्या गल्लीत आभाळ भरून आलं की जी बाई घरी असेल, ती दिसेल ते वाळवण उचलते. आईनं शेजारीच साबुदाण्याला ऊन दाखवलं होतं. दुसरं कापड सुनेचं समजून तिनं सगळं एकाच डब्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती.

सर मणी शोधत खाली आले तेव्हा आई खिचडी खात बसली होती. हा कसला साबुदाणा, फुगला पण शिजून नाही राहिला, अशी तिची तक्रार चालू होती. सरांनी ताटात बोट घातलं, एक दाणा चिमटीत दाबून पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा सगळं एका दमात बोलले.

"माय, थुंका ते. साखर उतरवायचं औषध आहे त्याच्यात. रिक्षा बोलवा, आत्ता."

दवाखान्यात साखर तपासली. ठीक निघाली. तरुण डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल है, घर ले जाओ. मी आईच्या चपला उचलल्या, तर सर दार अडवून उभे.

"आता नॉर्मलच येईल," ते डॉक्टरांना म्हणाले. "तसंच तर बनवलं आहे मी. दुपारून सुटते ते."

डॉक्टरांनी कुरकुरत खाट दिली. मला सरांची कॉलर धरावीशी वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी माझ्या हातातल्या आईच्या चपला घेऊन खाटेखाली नीट लावल्या, मग धरवली नाही. बाकावर बसल्या बसल्या, मी विचारलं नसताना, त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. चिचगडच्या जंगलात ती तेंदूपत्ता तोडायला जायची. साखरेची सांजची गोळी विसरेल म्हणून सकाळीच दोन्ही खाऊन घ्यायची, बरेचदा उपाशीपोटी. एक दिवस जंगलातच पडली, ती घरी आलीच नाही.

"एवढी वर्षं वाटे, हे चाललं पाहिजे," सर म्हणाले. "आज वाटून राहिलं, फसलं पाहिजे."

फसलं नाही. दुपारी आईला दरदरून घाम फुटला, ती मला माझ्या मामाच्या नावानं हाका मारू लागली. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. साखर चढली, पुन्हा उतरली. आता डॉक्टरच सरांना विचारू लागले, सर, और कितना टाइम? सर सांगत होते आणि सुई टोचताना दर वेळी भिंतीकडे तोंड फिरवत होते. मी इतका घाबरलो होतो की देवाचं नावसुद्धा सुचेना.

सकाळी आई उठून बसली, चहा मागितला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं आणि सरांचं औषध एकदम पक्कं असल्याची तारीफही केली. सरांनी ती ऐकलीच नाही. ते खाटेच्या पायथ्याशी बसून आईचे पाय धरून हुंदके देत होते.

आईला चिचगडचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"कायले रडून राहिला बापू? मी तं घरी चालली ना."

सर आणखीच रडू लागले. रिक्षात बसेपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.