केळी न विकणारे शालिककाका

तुमच्या पैशाची केळी तुम्ही कोणाला खाऊ घालणार, हे विचारायचा हक्क केळीवाल्याला आहे का?

आमचे शेजारी शालिककाका म्हणतात, आहे. परतवाड्यात चिखलदऱ्याच्या रस्त्यावर त्यांची हातगाडी लागते. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "कोन खाईन?" "आम्हीच" म्हटलं, तर "खा मंग माह्यासमोर!" शनिवारी तर उलटतपासणीच. एकदा मोटारीतून उतरलेल्या एका बाईंनी डझनभर मागितली.

"मारुतीच्या नावानं वानरांना द्यायचीत हो."

"मारुतीनं कवा गाडीच्या काचेतून केळं घेतलं वं बाई?"

बाई संतापल्या. काकांनी केळ्यांवर ताडपत्री ओढली. "दुकान बंद!"

"काका, धंदा बुडेल," मी म्हणालो.

"बुडू दे. वांदराले झाडावर पाला हाये, फळं हायेत. तुमी लोकं त्याले भिकारी करून राहिले."

खोटं काय आहे त्यात? जंगल आपण तोडायचं, उरलेल्यातून रस्ता काढायचा, आणि रस्त्याकडेला वानर दिसलं की केळं फेकून दयाळू व्हायचं! त्या केळ्यासाठी अख्खी टोळी डांबरावर उतरते. मागून भरधाव गाडी येते.

काका स्वतः वानरांशी कधी गोड बोलत नाहीत. सवड मिळाली की लुनावरून घाटात जातात आणि रस्त्यावर उतरलेल्या वानरांना झाडावर पिटाळत, काठी आपटत ओरडतात, "व्हय वरते, बेशरम!"

गेल्या उन्हाळ्यात घाटातल्या वळणावर एक पिल्लू गाडीखाली गेलं. शेजारी कुणीतरी फेकलेला चिप्सचा पुडा पडला होता. आईनं पिल्लू उचललं, छातीशी धरलं आणि ती सागावर चढली. मेलेलं पिल्लू वानरी लवकर सोडत नाही.

बातमी कळताच काका हातगाडी तशीच टाकून निघाले. मीही मागोमाग गेलो. वाटलं, आता काठी आपटतील. ते झाडाखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

"काका, घरी चला ना."

"घरी कोन हाये?"

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांच्याशेजारी बसलो.

"तुही काकू बी अशीच धरून बसली होती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चौघांनी सोडवलं पोराले तिच्या हातातून."

त्यांना मूल होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

काकांनी वर पाहिलं. आवाज अगदी खाली आला. "राहू दे वं माय. तुले वाटन तवा खाली ठेव."

तुम्ही कधीतरी त्या घाटातून जालच. पोटाशी पिल्लू घेऊन एखादी वानरी गाडीशी येईल, हात पुढे करेल. काच वर घ्या आणि हळूहळू पुढे निघा. निर्दय वाटेल. वाटू द्या.