भागूबाई कासारणीने सातविणीच्या रानास नावे ठेविली त्याची बखर

श्री डोंगरमाऊली समर्थ. झाडास पाणी आणि माणसास पाय टेकावयास जागा देणारी ती, तिचे स्मरण करून हकीकत लिहिली ऐशी जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी राज्याचा खजिना रिता जाहला आणि दरबारी मसलत होऊन ठरले की, रयतेची सामाईक राने आहेत ती विकावी. मग दवंडी फिरली, आणि शहरचे धनवंत धावले, आणि रानाशेजारच्या जमिनींसही ऐसे मोल चढले की, ज्याने जन्मभर चार गुंठ्यांची आस धरिली त्याने ती स्वप्नातही धरू नये.

ते समयी तालुक्याचे गावी केरोबा कासार आणि त्यांचे कुटुंब भागूबाई भाड्याचे खोलीत राहात होती. खोली ऐशी की, केरोबांनी पाय पसरले तर भागूबाईंनी उंबऱ्यावर बसावे. उभयतांची इच्छा एकच: म्हातारपणी आपल्या जागेत आपले घर असावे, दारी शेवगा असावा, आणि 'खोली कधी रिकामी करता' म्हणून कोणी पुसू नये. म्हणून दर आदितवारी स्कूटरवर स्वार होऊन दोघे जमिनीच्या मोहिमेस निघत. पुढे केरोबा शिरस्त्राण चढवून, मागे भागूबाई भाकरीचे गाठोडे सांभाळीत, ऐशी स्वारी बाहेर पडे आणि दर खेपेस हात हलवीत परत येई. कारण की भागूबाईंची जन्माची सवय आडवी येई. बाजारोबाजार बांगड्या भरण्याचा त्यांचा धंदा. हात राठ येवो की सुजलेला येवो, कासारणीने तो हाती घेऊन आधी वाखाणावा आणि मग बांगडी चढवावी, ही रीत. तीच रीत त्या जमिनीशी करीत. खडकाळ माळ दाखविला तर म्हणाल्या, "अगंबाई, दगड तरी कसे रेखीव! पायासाठी बाहेरून आणावयास नकोत." मालकाने ऐकिले आणि उभ्याउभ्या भाव चढविला. दुसरीकडे विहिरीच्या तळाशी ओंजळभर पाणी, तर बाई चाखून बोलिल्या, "अमृत हो अमृत!" तेथेही तेच जाहले. मग केरोबांनी वाटेत स्कूटर थांबविली आणि कपाळास हात लाविला. "भागू, तू घ्यावयास येतेस की विकावयास?" त्या म्हणाल्या, "अहो, जमीन ऐकते. तिच्या तोंडावर वाईट कसे बोलू?"

पुढे सातविणीच्या रानाची पाळी आली. डोंगराच्या कुशीतले रान, आत बारमाही झरा, आणि पाच गावांची गुरे आणि सरपण त्यावर चालावे. त्यातला मोठा भाग राजधानीच्या एका शेटजींस बंगल्यांसाठी हवा होता, आणि कडेचे चार-चार गुंठ्यांचे तुकडे रयतेस द्यावे ऐसे दरबाराने ठरविले. भाव मात्र दोहोंस एकच, आणि तो कारभाऱ्यांनी जागेवर येऊन, लोकांस गुणदोष पुसून बांधावा. भागूबाई पाचही गावी बांगड्या नेताना याच रानातून जात, आणि बोलावयास खमक्या, म्हणून गावकऱ्यांनी त्यांसच पुढे केले. केरोबांनी बजाविले, "हा शेवटचा डाव आहे. भाव खाली आला तर आपले घर, नाही तर मरेपर्यंत ती खोली. नावे ठेव. डोळे मीट, पण ठेव."

पाहणीचे दिवशी कारभारी मांडवात बसले, आणि शेजारी शेटजी, आणि त्यांच्या बाईसाहेब रुमालाने वारा घेत बसल्या. कारभारी म्हणाले, "बोला बाई, रान कैसे आहे?" भागूबाईंनी झाडांकडे पाहिले आणि तोंडून निघाले, "सावली तर..." तोच केरोबा ऐसे खोकले की फांदीवरचे कावळे उडाले. मग बाईंनी डोळे मिटिले. "सावली तर नावाला. पाणी मचूळ." आणि एकदा बांध फुटला तो फुटलाच. "विंचू इतके की, झाडल्याशिवाय चपलेत पाय घालवत नाही. आणि वारा ऐसा की, माझ्या तव्यावरची भाकर शेजारणीच्या तव्यावर पडावी!" लोक हसले. शेटजीही हसले आणि म्हणाले, "विंचवांस औषध मारू. वारा तर आम्हांस हवाच." तेव्हा भागूबाईंनी पुढे होऊन बाईसाहेबांचा हात हाती घेतला आणि सवयीने वाखाणिला, आणि त्यात तिळभर लबाडी नव्हती. "काय हात आहे हो! लोण्याहून मऊ. माझ्या उभ्या धंद्यात असा हात आला नाही. आणि हा तुम्ही इथे आणणार? या पाण्याने महिन्यात कातडी तडकेल. माझाच बघा." म्हणून आपला राठ हात शेजारी धरिला. बाईसाहेबांनी एक हात पाहिला, दुसरा पाहिला आणि उठल्या. "चला हो. मला नाही राहायचे इथे." शेटजी म्हणाले, "अगं, ऐकून तर घे." "तुम्ही ऐकत बसा, मी गाडीत बसते." मग ज्यांस सारा दरबार वचकून असे ते शेटजी निमूट मागोमाग गेले.

कारभाऱ्यांनी विचार केला की, मोठे गिऱ्हाईक गेले, आणि पाणी मचूळ, आणि भूमी विंचवांची; ऐसे रान विकू पाहणे म्हणजे दरबाराचे हसे. म्हणून हुकूम केला, "सारे रान विक्रीतून वगळावे." केरोबा धावले. "सरकार, कडेचे चार गुंठे तरी! आम्हांस चालते मचूळ पाणी!" कारभारी म्हणाले, "कैसे द्यावे? उद्या तुमच्या बायकोस विंचू डसला तर बोल दरबारास." ऐसे म्हणून मोटारीत बसले आणि धुरळा उडवीत गेले.

केरोबा त्या धुरळ्याकडे पाहात म्हणाले, "अगं, भाव पाडावयास सांगितले होते. तू तर बाजारच उठविलास." भागूबाई झऱ्यापाशी जाऊन ओंजळभर पाणी प्यायल्या, आणि एका सातविणीच्या खोडावर हात ठेवून, नव्या नवरीस बांगडी भरताना बोलावे तितक्या हळू बोलिल्या, "बये, सगळे खोटे गं. मनावर घेऊ नकोस." केरोबा मागे येऊन उभे होते, त्यांनी ऐकिले. रागवावयास आले होते, ते राहून गेले. म्हणाले, "तिला सांग, शिकविले मी होते." मग उभयतांनी सावलीस बसून भाकरीचे गाठोडे सोडिले, आणि गुरे नेहमीसारखी पाण्यावर आली.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. सारांश, त्या साली राज्याची राने बहुत विकली गेली, हे एक राहिले. केरोबा आणि भागूबाई अद्याप भाड्याचेच खोलीत आहेत आणि आदितवारी स्वारी निघतच असते. रान आहे तेथे आहे, आणि कोणी परका त्याची चौकशी करू लागला तर पाचही गावांत त्याविषयी चांगला शब्द म्हणून निघत नाही.