पाइपांना घर

घर तापवणारा नवा गॅसचा फर्नेस बसवून झाला त्या दिवशी ओरेस्ट प्रिस्तुपाने बायकोला, लेस्याला, आधी तळघरात नेलं आणि मग घराच्या पुढच्या अंगणात. जेवणघराच्या खिडकीच्या अलीकडे भिंतीतून दोन पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बाहेर आले होते, एक बाहेरची हवा आत घेणारा आणि एक जळका वायू बाहेर सोडणारा. दोन्ही हिवाळ्यातल्या बर्फाच्या वर राहतील इतके उंच आणि खिडकीपासून नियमाप्रमाणे लांब. आतल्या बाजूने पाइपला फर्नेसकडे उतार दिलेला, म्हणजे पाणी साचून गोठायला नको. निवृत्त होईपर्यंत ओरेस्ट त्या गावाचा गॅस तपासनीस होता. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या थंडीत लोकांच्या तळघरात उतरायचं, त्यांचे पाइप मोजायचे आणि चूक सापडली की फर्नेस बंद करून त्यावर लाल चिठ्ठी बांधायची, हा त्याचा धंदा. त्यामुळे लोक त्याला फार मानत आणि जेवायला फार कमी बोलावत.

फर्नेस तपासायला आली होती डॅनेल लाफोंड, त्याच्याच हाताखाली शिकून आता त्याच्या खुर्चीवर बसलेली. तिने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "सर, याचा फोटो काढते. नव्या मुलांना दाखवायला."

लेस्याने मात्र पाइपांकडे बराच वेळ पाहिलं.

"हे असंच राहणार?"

"असंच राहायला पाहिजे."

"नाताळला स्टेफका येतेय. दारात पाय ठेवायच्या आधी तिला हे दिसणार. माझी बहीण ती, विचारील, भिंतीतून कुणाचे पाय बाहेर आलेत म्हणून."

"मग सांग तिला, माझे आहेत."

ओरेस्ट तीन-चार आठवडे खंबीर राहिला. पाइपांपुढे झाड नको, पडदा नको, झाकण तर नकोच, हे त्याने इतक्या घरांत सांगितलं होतं की झोपेतसुद्धा बोलला असता. लेस्याने वाद घातला नाही. ती नुसती रोज खिडकीशी उभी राहून चहा घ्यायची आणि सुस्कारा टाकायची. शेवटी एका सकाळी ओरेस्टच्या मनात आलं, की झाकू नये हा नियम अडाणी माणसांसाठी आहे. ज्याला वायू कुठून कुठे जातो ते कळतं, त्याने हिशेब करून झाकलं तर ते झाकणं नव्हे.

म्हणून त्याने गॅरेजमध्ये बसून देवदाराची एक पेटी केली. तिला उतरतं छप्पर, तिन्ही बाजूंना पट्ट्यांची जाळी, आणि छपराखाली लेस्याच्या आग्रहाने लाल-काळ्या नक्षीची पट्टी, जशी युक्रेनी घरांत सणाच्या टॉवेलांवर भरतात तशी. पेटी इतकी सुबक झाली की जाणारे-येणारे थांबून बघू लागले. शेजारचा वेन्डेल थीसेन तर तिच्याभोवती दोनदा फिरला. या वेन्डेलला ओरेस्टने एके काळी वीतभर अंतरासाठी पाइप पुन्हा बसवायला लावले होते.

"चालतं का असं?" वेन्डेलने विचारलं.

"जाळी आहे ना. हिशेब करून केलंय," ओरेस्ट म्हणाला. वेन्डेलने मान हलवली आणि तो घरी गेला.

युक्रेनी चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे त्यांचा नाताळ जानेवारीत यायचा. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी स्टेफका आणि तिचा नवरा झेनॉन विनिपेगहून आले, आणि स्टेफका दारातच म्हणाली, "अगं, किती गोड आहे हे. पक्ष्यांसाठी आहे का?" लेस्याने नवऱ्याकडे असं पाहिलं की ओरेस्टला आपलं अख्खं संसारी आयुष्य सफल वाटलं.

त्या दिवशी थंडी उणे तीसच्या खाली होती. पेटीतल्या पट्ट्यांवर वाफ बसत होती, तिचं बर्फ होत होतं, आणि जाळीची भोकं एकेक करून बुजत होती. बाहेर जायला वाट न राहिल्याने एका पाइपाने सोडलेला वायू दुसरा पाइप निमूटपणे पुन्हा आत ओढू लागला. तळघरात फर्नेस पेटायचा, खोकायचा, विझायचा. ओरेस्टने ते ऐकलं आणि नवं यंत्र आहे, रुळायला वेळ लागेल, अशी स्वतःची समजूत घातली. असं बोलणाऱ्या किती जणांचे फर्नेस त्याने जागच्या जागी बंद केले होते, ते त्या क्षणी त्याला आठवलं नाही.

रिवाजाप्रमाणे पहिला तारा दिसल्यावर सगळे टेबलाशी बसले. गव्हाची मधातली खीर, म्हणजे कुत्या, बीटचं सूप बोर्श्त, बटाट्याचं सारण भरलेले वारेनिकी. स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं, म्हणून स्टेफकाने उठून जेवणघराची खिडकी किंचित उघडली. खालच्या पेटीतून भिंतीला चिकटून वर चढणाऱ्या वायूला हेच पाहिजे होतं. थोड्या वेळाने भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला.

"बॅटरी गेली असेल," झेनॉन बोर्श्त फुंकत म्हणाला.

हे वाक्य ओरेस्टने नोकरीत इतक्या वेळा ऐकलं होतं की तो जागेवरून ताडकन उठला. "सगळे बाहेर. आत्ता. कोट दारात घाला."

"पण कुत्या," लेस्या म्हणाली.

"कुत्या घेऊन बाहेर."

अशा रीतीने सणाच्या संध्याकाळी चार माणसं अंगणात उभी राहिली. लेस्याच्या हातात कुत्याचं भांडं, स्टेफकाच्या हातात वारेनिकी, झेनॉनच्या हातात चमचा. ओरेस्टने बाहेरूनच गॅस बंद केला आणि डॅनेलला फोन लावला. काय झालं हे तिला सांगताना त्याने पेटीला "एक प्रकारचा आडोसा" असं म्हटलं.

वेन्डेलने त्यांना खिडकीतून पाहिलं आणि धावत येऊन आपल्या घरी नेलं. गरम खोली, गरम कॉफी, मांडीवर घ्यायला गोधड्या. तो टोमणा मारील म्हणून ओरेस्ट वाट बघत बसला. वेन्डेल टोमणा मारीना. त्याने कॉफी पुन्हा भरली, केक कापला, झेनॉनच्या पायाखाली पाट ठेवला.

शेवटी ओरेस्टलाच सोसवेना. "वेन्डेल, बोलून टाक बाबा."

"काय बोलू?"

"हेच, की मी तुझे पाइप वीतभरासाठी काढायला लावले आणि माझेच पेटीत कोंडले."

वेन्डेलचा हात केटलीवरच थांबला. "म्हणजे ते पेटीमुळे झालं?"

"मग कशामुळे?"

"मला वाटलं, यंत्र बिघडलं." वेन्डेलने हळूच खिडकीकडे पाहिलं. "मी पण केलीय रे. परवाच बसवली. तुझी बघूनच केली. म्हटलं, ओरेस्ट लावतो म्हणजे कायद्यात बसत असणार."

ओरेस्टने गोधडी टाकली. बाहेर वेन्डेलच्या भिंतीवर तशीच पेटी होती, तेच छप्पर, तीच नक्षी, आणि खाली पांढरी दाढी वाढावी तसं बर्फ लोंबत होतं.

"सगळे बाहेर," तो म्हणाला.

"पुन्हा?" स्टेफका म्हणाली, आणि तिने वारेनिकी उचलले.

डॅनेल पोहोचली तेव्हा लेस्या, स्टेफका आणि झेनॉन झेनॉनच्या मोटारीत काचा वाफवून जेवत होते, आणि दोन म्हातारे एका पेटीला हातोड्याने झोडत होते. डॅनेलने आधी दोन्ही घरं उघडून हवा खेळती केली, वायू मोजायचं मीटर फिरवलं, पाइप मोकळे केले. मग ओरेस्टच्या तळघरात जाऊन तिने खिशातून लाल चिठ्ठी काढली आणि फर्नेसवर बांधली.

"सर, उद्या आतून नीट तपासते, मग काढते. राग नका मानू."

"गाठ पक्की मार," ओरेस्ट म्हणाला. "या घरातल्या माणसाचा भरवसा नाही."

डॅनेल जायला निघाली, पण गाडीपाशी थांबली. "सर, एक सांगायचं होतं. येताना या रस्त्यावर मला आणखी दिसल्या."

"काय?"

"पेट्या. एकीवर तर घंटा आहे."

ओरेस्टने हातोडा पुन्हा उचलला. मग दोघं दारोदार निघाले, डॅनेल मीटर घेऊन आणि तो नाकापर्यंत मफलर गुंडाळून. प्रत्येक घरी तेच उत्तर मिळालं. प्रिस्तुपाकडे आहे की. प्रिस्तुपा काय वेडा आहे? मफलरच्या आतून ओरेस्ट दर वेळी "आहे" म्हणायचा, आणि लोकांना हा कोण उर्मट मनुष्य ते कळायचं नाही.

घंटेची पेटी रस्त्याच्या टोकाला पिंकर्टनबाईंकडे होती. म्हाताऱ्या बाई एकट्याच राहायच्या. त्यांनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं. अजून अलार्म वाजला नव्हता, पण घंटेवर बर्फ चढलं होतं.

"बाई, ती पेटी आत्ताच्या आत्ता काढायला हवी," डॅनेल म्हणाली. "जीव जाईल."

"काही जात नाही. मिस्टर प्रिस्तुपांनी स्वतःच्या घराला लावलीय."

"बाई, त्या माणसाने मूर्खपणा केलाय," ओरेस्ट मफलरमधून म्हणाला.

पिंकर्टनबाईंचा चेहरा कठोर झाला. "तोंड सांभाळून बोला. माझे यजमान गेले त्या हिवाळ्यात ते स्वतः येऊन माझा फर्नेस बघून गेले. दर शरदात येतात. तुमच्यासारखी हातोडा घेऊन दारात येणारी माणसं नाहीत ती. थांबा, त्यांनाच फोन करते."

दार लागलं. आतून आकडे दाबल्याचा आवाज आला, आणि ओरेस्टच्या कोटात फोन वाजला.

डॅनेलने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. तिचे खांदे हलत होते. ओरेस्टने हातमोजा काढला, दाराकडे पाठ केली आणि मफलर खाली ओढला.

"बोला, पिंकर्टनबाई."

"मिस्टर प्रिस्तुपा, दारात दोघं जण आलेत. एक मुलगी बरी दिसते, पण तो दुसरा तुम्हाला नाही नाही ते बोलतोय. पेटी फोडू म्हणतोय."

"फोडू द्या त्याला, बाई. मी माझी पण काढलीय. धोक्याची आहे ती. माझी चूक झाली."

"तुम्ही सांगताय म्हणून," बाई म्हणाल्या.

साखळी निघाली, दार सताड उघडलं. बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"फोडा," त्या म्हणाल्या. "पण आधी ऐका. चूक झाली की ती सरळ कबूल करतो, असा माणूस आहे तो. जरा शिका त्याच्याकडून."

"हो, बाई," ओरेस्ट म्हणाला, आणि मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घंटा सोडवायला लागला.