दर शुक्रवारी दोन मिनिटं

“मामा, गाडी तर टेंपोत उभी राहून आली. मग इंजिन गरम कसं?”

तेनमोळीने हा प्रश्न विचारला तेव्हा अंगणात सगळा थाट जमून आला होता. लाल रंगाची स्पोर्ट बाइक टेंपोतून उतरून रांगोळीवर उभी होती. अम्मा कापूर, भस्म आणि कुंकवाचं ताट घेऊन तयार होती. चाकांखाली ठेवायची दोन लिंबं मुठीत धरून तिचा मोठा भाऊ, अण्णा, ओणवा झाला होता. मयिलसामी मामा पांढरीशुभ्र वेष्टी नेसून कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि तेनमोळीचा तळवा इंजिनावर होता. म्हणजे होता, पण चटका बसल्यामुळे तिने तो झटकन काढून घेतला होता.

प्रश्न तिचा होता, पण पैज मैत्रिणींची. मुबीनाच्या वडिलांचं उक्कडमला जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. शाळेतल्या डब्याच्या सुट्टीत मुबीनाने शिकवलं होतं, “जुनी गाडी घ्यायला गेलीस की पहिल्यांदा इंजिनाला हात लाव. गार असेल तर विकणारा सरळ. गरम असेल तर गार इंजिन सुरू होतानाचा आवाज त्याला तुझ्यापासून लपवायचाय.” त्यावर सोफी म्हणाली होती, “मामांना विचारशील हे? सगळ्यांसमोर? छट! विचारलंस तर काळानच्या तीन प्लेट माझ्याकडून.” रस्त्यावरचं गरमागरम, मश्रूमचं काळान, तेही तीन प्लेट! पण खरं सांगायचं तर आता तेनमोळी काळान विसरली होती. इंजिन खरंच गरम होतं, आणि ही गाडी तिचा अण्णा मामांकडून विकत घेणार होता. रोज पालक्काडच्या रस्त्याने, लॉऱ्यांच्या मधून, कामावर जायला.

“काय गं हे बोलणं?” अम्माच्या हातातलं ताट हललं. “मामांना असं विचारतात? त्यांच्या मांडीवर बसवून तुझे कान टोचलेत!”

“कान टोचले अम्मा, तोंड नाही शिवलं!”

“माप्पिळ्ळै,” मामा तिच्याकडे न बघता तिच्या वडिलांना म्हणाले, “तुमची मुलगी फार शिकली.”

अप्पांनी शेजारच्या नारळाच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली. अम्माचा थोरला भाऊ म्हणजे घरातला देव, आणि देवाने काही म्हटलं की अप्पांना झाडंच दिसायची. याच गोष्टीचा तेनमोळीला सगळ्यात जास्त संताप यायचा. अप्पांचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान होतं. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक मोटरीला लावून मूठ कानाशी धरायचे आणि आत काय बिघडलंय ते डोळे मिटून सांगायचे. आवाज ऐकल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा जुना पंपसुद्धा घेतला नव्हता. आणि इथे पोटचा पोरगा बसणार त्या गाडीवर, तर हे नारळ मोजतायत!

“लपवायचं काय त्यात?” मामा शेवटी फणकारले. “शुभ वेळ पावणेनऊपर्यंत. तेवढ्यात गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. खोकली, कुंथली तर अपशकुन! म्हणून सिंगानल्लूरपासून टेंपोतच चालू ठेवून आणली. गल्लीच्या तोंडाशी बंद केली. मी कुणासाठी केलं हे? माझ्या भाच्यासाठीच ना?”

“म्हणजे पाहुणे बघायला यायच्या आधी नवऱ्या मुलाला दोन कॉफ्या पाजून जागा करून बसवलंत!”

टेंपोवाला खो खो हसला. अम्माने बघितल्यावर त्याने मिशीवरून हात फिरवला आणि टायर तपासायला लागला.

“तेनू, गप बस,” अण्णा उठला. त्याने हेल्मेट आधीच आणून ठेवलं होतं, गाडीच्या लालशी जुळणारं, आणि आठवडाभर ते घालून आरशासमोर उभा राहत होता. “तुला लायसन्स नाही. तुला काय कळतं?”

“लायसन्स चालवायला लागतं. बघायला डोळे लागतात!” तेनमोळी उकिडवी बसली. “मामा, गाडी तीन वर्षं उभी होती ना?”

“उभी?” मामांना हा शब्द फार लागला. “माझा पोरगा सेंदिल ही ठेवून कॅनडाला गेला, तेव्हापासून मी जपलीय ती! एक शुक्रवार चुकला नाही. आंघोळ, उदबत्ती, मग गाडी सुरू. दोन मिनिटं. मग बंद, वर आच्छादन. मीटर बघ, फक्त सहा हजार किलोमीटर. नवरीसारखी आहे!”

“आणि तेल कधी बदललं?”

“तेल कशाला बदलायचं? गाडी कुठे गेलीच नाही!”

तेनमोळीने कपाळाला हात लावला. आता या माणसाला कुणी सांगायचं, की दोन मिनिटांत इंजिन नुसतं कोमट होतं, आतल्या वाफेचं पाणी होतं आणि बाहेर पडायची वेळ आली की मामा गाडी बंद करतात! तीन वर्षं, दर शुक्रवारी, न चुकता. कुणी गाडीचा नाश करायचं व्रत घेतलं असतं तरी इतकं नेमाने केलं नसतं. तिने तेलाच्या गोल काचेतून आत बघितलं. मधासारखं दिसायला हवं होतं. आत पाणी मिसळल्याचा फेसाळलेला, दुधाळ तपकिरी रंग होता.

“अम्मा, इकडे ये. हे इंजिन ऑइल आहे की फिल्टर कॉफी?”

अम्मा खरंच वाकली. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “दूध थोडं जास्त झालंय.”

एवढं झालं आणि मामांचा संयम सुटला. “बस्स! आता ही गाडी गार होऊ दे. पुढची शुभ वेळ सव्वातीनला. तेव्हा हिच्यासमोर सुरू करा. तोवर मी या घरात पाण्यालाही हात लावणार नाही!”

ते ओसरीवरच्या झोपाळ्यावर जाऊन बसले, आणि घरावर खरं संकट तेव्हा आलं. अम्माने पहाटेपासून स्वयंपाक केला होता. डाळ-तांदळाचं अरिसि परुप्पु सादम, वर साजूक तूप, वडे, पापडासारखं अप्पळम, पायसम. आता भाऊ जेवत नाही म्हटल्यावर बहीण कशी जेवेल? बायको जेवत नाही म्हटल्यावर अप्पा कसे जेवतील? अण्णाला राग आल्यामुळे भूक नव्हती, निदान तो तसं म्हणत होता. तेनमोळीला भूक प्रचंड होती, पण आज तिने वडा मागितला असता तर अम्माने झाराच दिला असता, पाठीत.

“मी तर नात्यातला नाही,” टेंपोवाला दाराशी येऊन अदबीने म्हणाला. “माझं जेवायला हरकत नसावी.”

“बसा गुपचूप,” अम्मा म्हणाली.

दहा वाजले. अकरा वाजले. ऊन सरकत सरकत गाडीवर आलं, तशी तेनमोळी छत्री घेऊन धावली आणि इंजिनावर सावली धरून उभी राहिली.

“आता हे काय?” अण्णा दातओठ खात म्हणाला. “गाडीला ऊन लागतंय?”

“उन्हाने इंजिन तापेल. मग सव्वातीनला म्हणाल, बघ कशी छान सुरू झाली!”

“अख्खी गल्ली बघतेय, तेनू!”

“बघू दे. तू रस्त्यात पडलास तरी बघतीलच.”

थोड्या वेळाने अण्णाने घरातून दुसरी छत्री आणली आणि पलीकडच्या बाजूला उभा राहिला. अर्थात तिच्याकडे पाठ करून.

दुपारी एक वाजता झोपाळ्याची करकर थांबली. स्वयंपाकघरातून येणाऱ्या तुपाच्या वासाकडे मामांनी एकदा मान वळवली, मग स्वाभिमान आठवून परत फिरवली. त्यांच्या पोटातला आवाज अंगणापर्यंत ऐकू आला. “वडे गार झाले,” अम्मा आतून कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली. “पायसमवर साय आली. एका मुलीच्या जिभेपायी.” दर पंधरा मिनिटांनी तिने हे नव्या पदार्थासह सांगितलं.

सव्वातीन वाजले. तेनमोळीने इंजिनावर तळवा ठेवला, मग अण्णाला ठेवायला लावला, मग मामांना. तिघांनीही मान्य केलं, गार आहे. मामांनी स्वतः बटण दाबलं.

गाडी कुंथली. पुन्हा दाबलं. गाडी खोकली. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट सोडून ती सुरू झाली, आणि पत्र्याच्या डब्यात खिळे भरून कुणी तरी डबा जिन्यावरून सोडावा असा आवाज सगळ्या अंगणात पसरला.

“स्पोर्ट गाडी आहे,” मामा ओरडून म्हणाले. “आवाज करणारच!”

“अप्पा!” तेनमोळी त्याहून मोठ्याने ओरडली. “शेतकऱ्याचा पंप असता तर एव्हाना ऐकला असता तुम्ही! अण्णा काय पंपापेक्षा स्वस्त आहे?”

अप्पांची नजर नारळावरून खाली आली. हात खिशाकडे गेला. ते गाडीशी बसले, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. असं कितीतरी वेळ. मग म्हणाले, “बंद करा.”

अप्पांचा हा आवाज घरात आजवर कुणी ऐकला नव्हता. मामांनी निमूट गाडी बंद केली.

“मच्चान,” ते मामांना म्हणाले, “आतली साखळी सैल आहे. तिला ताणून धरणारा भाग गंजून अडकलाय. गरम झाल्यावर आवाज कमी होतो एवढंच. भर वेगात साखळी तुटली असती तर इंजिन जाम, मागचं चाक जाम. आणि मागून लॉरी...” अण्णा हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. अम्माने कापराचं ताट जमिनीवर ठेवलं.

आता मामा गाडी टेंपोत घालून निघतील, या घराची पायरी पुन्हा चढणार नाहीत, असं सगळ्यांनी मनात धरलं. मामांनी हात पुढे केला. स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. गाडी पुन्हा सुरू करून स्वतः कान लावला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“दर शुक्रवारी अशीच वाजायची,” ते म्हणाले. “मला वाटायचं, उदबत्तीने खूश होते.”

लिंबं अजून चाकाखाली फुटली नव्हती, म्हणजे गाडी अजून मामांचीच होती. ती परत टेंपोत चढली. मामांनी हात धुतले आणि पानावर बसले. गार वडे, साय आलेलं पायसम, सगळ्यांनी असं खाल्लं की अम्माला पुन्हा तांदूळ चढवावे लागले. टेंपोवाल्याने तर चौथ्यांदा भात मागितला. “माझं नातं लागत नाही, पण भूक लागते,” तो म्हणाला. अम्मा हसली, आणि तेनमोळीच्या पानात न मागता दोन वडे पडले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. त्या घरात ती अशीच, तळून मिळायची.

तिसऱ्या वाढीला मामांनी तेनमोळीकडे जरा सरकून हळूच विचारलं, “कण्णू, शेतावर माझ्या वडिलांची जुनी मोटारगाडी आहे. तीसुद्धा मी शुक्रवारी...”

“दोन मिनिटं?”

“दोन मिनिटं.”

“अजून काय?”

“जनरेटर.”

“अजून?”

मामांनी पानातला भात इकडचा तिकडे केला. “ट्रॅक्टर. पण तो मंगळवारी. तो मुरुगन देवाचा वार.”

तेनमोळी घास तसाच ठेवून ताडकन उभी राहिली. नाकपुड्या फुगलेल्या, उजवा हात भाताने माखलेला, आणि आवाज असा की पलीकडच्या घरातला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

“अम्मा, अप्पा, ऐकून ठेवा. मे महिन्यात मी टायपिंगच्या क्लासला जाणार नाही. मी मामांच्या गावाला चालले आहे, पूर्ण महिना. तिथे तीन जीव अजून वाचण्यासारखे आहेत!”