सायलेन्सर आणि सासूबाईंचा डबा

गाडीचा आवाज बंद करायला लागतं तरी काय? एक पत्र्याचा डबा, मूठभर तारेच्या घासण्या आणि थोडं डोकं. डबा आणि घासण्या सासूबाईंच्या होत्या, डोकं माझं होतं. आता जे झालं त्याचा दोष कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा. आमच्या घरी ते केव्हाच ठरलंय!

गाडी मात्र माझी, आणि माझी फार लाडकी. लाल, दोन दारांची, पोट रस्त्याला टेकेल इतकी खाली आणलेली. मागच्या वर्षी मी आणि माझा मित्र लाइल, आम्ही दोघांनी तिचा मूळचा सायलेन्सर उपटून फेकला आणि इंजिनापासून शेपटापर्यंत सरळ मोकळं नळकांडं बसवलं. काय आवाज लागला! मी लाकडाच्या गिरणीतून निघालो की माझी बायको जोलीन घरी बटाटे तळायला टाकायची. गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून गळ टाकून बसलेले लोक म्हणायचे, "डेल निघाला. गुंडाळा आता!"

तक्रार म्हणाल तर कुणी केली नाही. आमच्या मिनेसोटात तोंडावर तक्रार करायची पद्धतच नाही. शेजारच्या म्हातारबुवांनी एकदा खिडकीतून डोकं काढून एवढंच म्हटलं, "वेगळाच आवाज आहे हो तुझ्या गाडीचा!" आमच्याकडे 'वेगळंच आहे' ही शिवी समजतात. मलाही ते ठाऊक आहे, पण आपल्या लाडक्या वस्तूबद्दल कुणी काही बोललं की ते कौतुकच वाटतं.

घोटाळा सुरू झाला तो माझ्या मुलीच्या, सिग्नेच्या, लायसन्सच्या परीक्षेपासून. तळ्यापलीकडच्या रिसॉर्टवर तिला उन्हाळ्याची नोकरी मिळाली होती. पाहुण्यांना बसथांब्यावरून आणायचं, सामान पोचवायचं, म्हणजे लायसन्स हवंच. सोमवारी हजर व्हायचं होतं. परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची असते. जोलीनचा पिकअप तिच्याबरोबर कामावर जातो, म्हणून आम्ही माझी लाल घेऊन गेलो.

परीक्षक टॉलेफसन बाई हातात कॉफीचा पेला घेऊन सिग्नेशेजारी बसल्या. सिग्नेनं गाडी सुरू केली. पेल्यातली कॉफी थरथरायला लागली. बाई काहीतरी बोलल्या.

"काय?" सिग्ने ओरडली.

बाई पुन्हा बोलल्या.

"काऽय?"

बाईंनी दार उघडलं आणि उतरून सरळ माझ्याकडे आल्या. "मी उजवीकडे म्हणणार, हिला ऐकू येणार नाही, आणि आम्ही दोघी तळ्यात! गुरुवारी एक जागा रिकामी आहे. आवाज बंद करून आणा. नाहीतर मग पुढच्या महिन्यात."

घरी येताना सिग्ने खिडकीबाहेर बघत होती. "बाबा, त्यांनी मला नापाससुद्धा केलं नाही," ती म्हणाली. "त्या बसल्याच नाहीत." तिचे डोळे लाल झाले होते. मला फार वाईट वाटलं. ही पोरगी कधी काही मागत नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई जेवायला होत्या. सासूबाईंचं नाव आर्डिस. त्या आमच्या शेजारच्याच घरात राहतात आणि त्यांची एक लांबलचक बदामी रंगाची गाडी आहे, जी रविवारी चर्चला जाते आणि बाकी आठवडा झोपते.

"माझी गाडी घेऊन जा की," सासूबाई म्हणाल्या.

"नको हो आई, तुम्हाला कशाला त्रास!"

"त्रास कसला? उभीच तर असते."

"नको, नको. आम्ही बघू काहीतरी."

आता यात माझं काय चुकलं? आमच्याकडे रीतच तशी आहे. कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, तुम्ही इतकं म्हणताच आहात तर..." असं म्हणून घ्यायचं. पहिल्या फटक्यात 'हो' म्हणणारा माणूस आमच्या गावात निवडून येत नाही. सिग्ने तोंड उघडणार तेवढ्यात मी टेबलाखालून तिला पाय मारला. तो जोलीनला लागला. मी काटा खाली ठेवला आणि तिसऱ्या विचारणेची वाट बघत बसलो.

सासूबाईंनी पाणी प्यायलं. तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "बटाटे घे."

बटाटे! आता काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी छाती पुढे काढून म्हणालो, "गाडीची गरजच नाही आई! गुरुवारी माझी गाडी अशी चालेल की मांजर झोपलेलं उठणार नाही. आणि तेही जवळजवळ फुकटात!"

"असं?" सासूबाई म्हणाल्या.

"असंच!" मी म्हणालो.

जोलीन पाय चोळत होती.

मूळचा सायलेन्सर अंगणात पडून बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं गंजून पार चाळणी झाला होता. गॅरेजवाल्यानं नव्याचा भाव सांगितला तेव्हा मी त्याला विचारलं, "अख्ख्या गाडीचा सांगतोयस का?" तो म्हणाला, "तुझ्या अख्ख्या गाडीचा एवढा येणार नाही!" तेव्हा मी लाइलकडे गेलो. लाइलचं म्हणणं असं की सायलेन्सर म्हणजे मुळात काय, डबा. आत भोकं पाडलेली नळी, भोवती काहीतरी लोकरीसारखं ठासायचं, की आवाज त्यात गुंतून पडतो.

"लोकर जळेल ना रे?"

"मग तारेच्या घासण्या भर! तारेला काय होतंय?"

घासण्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मिळाल्या. डब्याचं अवघड होतं. हल्ली कॉफी प्लॅस्टिकच्या डब्यात येते. जाड पत्र्याचा जुना डबा सापडला तो सासूबाईंच्या गॅरेजमध्ये, सासऱ्यांच्या तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत, फळीवर. आत पांढरं, घट्ट, लोण्यासारखं काहीतरी काठोकाठ भरलं होतं. मी लगेच ओळखलं, चाकांना लावायचं ग्रीस! सासरे जाऊन किती वर्षं झाली आणि ग्रीस बघा कसं ताजं! मला त्यांची फार आठवण आली. ते वाया घालवणं बरं दिसेना, म्हणून मी गाडीच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांना, बॉनेटला, डिकीला सढळ हातानं चोपडलं. उरलेलं पाना-पकडींना लावलं आणि हात पँटला पुसले. डबा जुन्या फडक्यानं पुसला, घासण्या ठासल्या, आणखी ठासल्या, आणि लाइलनं तो पट्ट्या आवळून नळकांड्याच्या टोकाला बसवून दिला.

लाइल दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. मग म्हणाला, "हं. वेगळंच झालंय."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली!

आणि गाडी सुरू केली तर काय, चमत्कार! नुसती घुंऽऽ अशी कुजबुज. मांजर खरंच उठलं नाही. पाच मिनिटांनी उठलं, पण ते आवाजानं नव्हे. हवेत सकाळच्या न्याहारीसारखा खमंग वास सुटला होता. मला वाटलं, म्हातारबुवांनी न्याहारीला डुकराचं बेकन तळायला घेतलं असेल. मला भूकही लागली.

गुरुवारी टॉलेफसन बाई गाडीत बसल्या. सिग्नेनं किल्ली फिरवली. बाईंनी कान दिला, मान डोलावली, आणि नाक वर करून दोनदा हुंगलं.

"वास वेगळाच आहे," बाई म्हणाल्या.

"धन्यवाद!" मी म्हणालो.

गाडी वळणावरून गेली. गेली म्हणजे दिसेनाशी झाली. ऐकू तर आधीपासूनच येत नव्हती. परीक्षा केंद्राच्या बाकावर माझ्याशेजारी एक गृहस्थ मुलाची वाट बघत बसले होते. मी त्यांना म्हणालो, "ऐका."

त्यांनी ऐकलं. "काय?"

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"ती माझी गाडी!"

गृहस्थ जरा सरकून बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, सरळ नळकांडं, डबा, घासण्या, लाइल. मधूनमधून बोट वर करून म्हणायचो, "आताही नाही ना ऐकू येत?" ते म्हणायचे, "अजिबात नाही." गावातून कुत्र्यांचं भुंकणं येत होतं, पण गाडीचा म्हणाल तर चकार आवाज नाही! एवढी शांतता मला स्वतःलाच अपेक्षित नव्हती. आयुष्यात प्रथमच आपण काहीतरी अपेक्षेपेक्षा चांगलं केलंय असं मला वाटलं.

"बराच वेळ झाला नाही का?" गृहस्थ म्हणाले.

"आवाज नाही म्हणून तसं वाटतं," मी म्हणालो.

तेवढ्यात वळणावरून गाडी आली. लांबलचक, बदामी. माझी नव्हे! आणि तिच्यामागे, शेपूट हलवत, गावातली समस्त कुत्री. लाइलचा शिकारी कुत्रा सर्वांत पुढे.

गाडी थांबली. चालकाच्या जागेवरून सासूबाई उतरल्या. केसांत कर्लर, अंगात एप्रन. मागच्या सीटवरून सिग्ने आणि टॉलेफसन बाई उतरल्या. सासूबाईंच्या एका हातात ओव्हनचा जाड हातमोजा होता, आणि हातमोज्यात, काळाकुट्ट आणि धुमसणारा, तो डबा!

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"सायलेन्सर," मी म्हणालो.

"ही माझी बेकनची चरबी आहे! होती! लग्नात आईनं दिलेला डबा हा. रविवारची न्याहारी झाली की तव्यातली चरबी यात ओतायची, आणि त्यातच पुढच्या रविवारचे बटाटे परतायचे. गॅरेजच्या गारव्यात ती टिकते म्हणून तिथे ठेवते. आजपर्यंत एकदाही रिकामा झाला नाही!"

"मला वाटलं ते बाबांचं ग्रीस आहे."

"ग्रीस! तू गेल्या रविवारी माझ्याकडे बटाटे दुसऱ्यांदा मागून घेतलेस तेव्हा ते ग्रीसमध्ये केले होते का?"

मी सिग्नेकडे वळलो. "पण आवाज? आवाज कसा होता?"

"आवाज नव्हताच बाबा," सिग्ने म्हणाली. "दुसऱ्या वळणावरच इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. तुम्ही घासण्या इतक्या ठासल्या होत्या की धूर बाहेर यायला जागाच नव्हती. मग आम्ही बसून राहिलो. उतरताही येईना, कुत्री बिजागऱ्या चाटत होती!"

म्हणजे मी इतका वेळ जी शांतता त्या गृहस्थांना ऐकवत होतो, ती बंद पडलेल्या गाडीची होती. गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"मी घरातून बघितलं," सासूबाई सांगत होत्या, "गाडी अंगणातून निघाली आणि माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच बेकनचा वास आला! गॅरेजमध्ये गेले तर फळी रिकामी. तशीच निघाले, तर वाटेत या दोघी कुत्र्यांच्या वेढ्यात!"

सिग्नेनं केंद्राच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मला त्या क्षणी जमिनीत तोंड खुपसावंसं वाटलं. माझ्या एका लाल गाडीपायी आणि एका 'नको'पायी तिची नोकरी चालली होती.

"अजून वेळ आहे हिची," टॉलेफसन बाई शांतपणे म्हणाल्या. "दुसरी गाडी असेल तर पहिल्यापासून सुरू करू. मुलीनं डोकं शांत ठेवलं. धोक्याचे दिवे लावले, हँडब्रेक ओढला. मला तर कुत्र्यांची नावंसुद्धा सांगितली."

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाईंनी किल्ल्या वर धरल्या. "त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारणारच होते. बटाटे घे म्हटलं तेवढ्यात तुझी मांजराची बढाई सुरू झाली. आता विचारते. हवी का माझी गाडी?"

आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ, आपोआप, नेहमीच्या सवयीनं निघालं, "नको हो आई, तुम्हाला कशाला त्रास..."

"हो आजी!" सिग्ने किंचाळली आणि किल्ल्या ओढून गाडीत जाऊन बसलीसुद्धा!

पास झाली. टॉलेफसन बाईंनी सही करून हात मिळवला. सिग्नेनं आधी आजीला मिठी मारली, मग मलाही मारली, आणि नाक मुरडून म्हणाली, "बाबा, तुमच्या पँटला न्याहारीचा वास येतोय."

सासूबाई मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसल्या. सिग्ने चालकाच्या जागेवर, ताठ मानेनं. सासूबाईंनी काच खाली केली.

"डेल, चल, बस. घरी सोडू तुला."

"नको हो, तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

"अरे बस की, जागा आहे भरपूर."

"नको, नको, जाईन मी चालत. जवळच तर आहे."

आणि मी दाराच्या कडीकडे हात नेत तिसऱ्या विचारणेसाठी थांबलो.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. काच वर गेली.

घर काही जवळ नव्हतं. पण एकट्यानं चालावं लागलं असंही नाही. वाटेत लाइल भेटला. त्यानं पिकअप थांबवून माझ्याकडे बघितलं, माझ्या पँटला चिकटलेल्या स्वतःच्या कुत्र्याकडे बघितलं, मागच्या सगळ्या रांगेकडे बघितलं आणि विचारलं, "बसतोस का?"

"बसतो!" मी म्हणालो. पहिल्याच फटक्यात.

लाइल जरा दचकला. "वेगळंच आहे तुझं आज," तो म्हणाला.