महाराजांनी तंग कसिला, त्याची हकीकत

श्री. जो सर्वांचे स्मरण ठेवितो आणि कोणास विसरत नाही, त्या धन्यास नमन करून लिहिले ऐसे जे: शके सतराशे तेरा, विरोधकृत् नाम संवत्सरी, एका राज्यात महाराज वृद्ध जाहले. नित्यक्रम ऐसा की, प्रातःकाळी पागेत जावे, घोडी थोपटावी, मग मुदपाकखान्यात डाळ चाखावी, आणि वाटेत भेटेल त्याशी बोलावे. पुढे एकदोन नावे विसरू लागले, तेव्हा कारभारी विसाजीपंत यांनी मायेने फिरणे बंद करविले आणि महाराजांस गादीवरच बसविले. महाराज बोलिले, "पंत, मला देव्हाऱ्यातला देव केलात. न्हाऊ घालायचे आणि गप्प बसवायचे!" पंत हसले, आणि ऐकिले नाही. मग विसर फार वाढला. इतक्यात धाकटे चिरंजीव हैबतराव मोहिमेहून परतले आणि मुजरा केला. महाराजांनी आदरे पुसिले, "आपण कोणाकडील?" हैबतरावांनी नाव सांगितले, मातुश्रींची आठवण दिली, उपाय चालिला नाही.

मग वैद्य पंतांस बोलिले, "मस्तकात ठाणी बहुत, आणि ठाण्याठाण्यांत वाटा. म्हातारपणी काही मोडतात. परंतु बाकीच्या वाहत्या असल्या तर आठवण वळसा घेऊन पोहोचते. महाराज हिंडत, बोलत, तेणेकरून त्या वाहत्या होत्या. तुम्ही त्या वाटांवर बाभळी वाढू दिल्या." पंतांचे डोळे भरले. म्हणाले, "एखादी तरी उरली असेल?" वैद्य म्हणाले, "पागेकडून पाहू." मग महाराजांस पागेत नेले, आणि हैबतराव खोगीर घालून पोटपट्टा, म्हणजे तंग, आवळू लागले. घोड्याने पोट फुगविले. ते पाहताच महाराज पुढे जाहले, घोड्याच्या पोटास गुडघा लाविला, श्वास सुटू दिला, आणि तंग कसिला. आणि बोलिले, "फसलास ना, चिमण्या? लबाड आहे हा घोडा, दम धरतो!" हैबतरावांस बाळपणी त्या नावाने एकटे महाराजच हाक मारीत. हैबतराव पायांवर पडले, "आबासाहेब, मीच तो!" महाराजांनी तो मिशाळ चेहरा बराच वेळ न्याहाळिला, आणि म्हणाले, "छे. तो एवढासा आहे, खोगिरास हात पुरत नाही त्याचा. आपणांस भेटला तर सांगा, बाप पागेत वाट पाहतो." हैबतराव बोलिले, "सांगतो, महाराज."

येणेप्रमाणे जाहले. एकच वाट उरली, आणि ती लेकरापर्यंत पोहोचली, पुढे नाही. तदनंतर महाराज होते तोवर हैबतराव नित्य त्यांस पागेत नेत, आणि तंग मुद्दाम ढिला ठेवीत.